भिंतीपलीकडे, व्हाया गोदाम

मी पिंप बोलतोय. पाण्याचं नव्हे, रॉकेलचं तर मुळीच नव्हे. मी बीअरचं पिंप आहे. चकचकीत स्टीलचं, पन्नास लिटर पोटाचं, खांद्यावर सतरा नंबर कोरलेलं. लगेच नाक मुरडू नका! मी स्वतः जन्मात एक थेंब चाखलेला नाही. पोटात सांभाळायचं आणि मागेल त्याला द्यायचं, एवढंच माझं काम. हे काम मी अकरा वर्षं इमानेइतबारे केलं. फक्त एकदाच, एकदाच हं, मला मनापासून वाटलं की आज आपल्या हातून हे काम बिघडावं. तीच गोष्ट सांगायला बसलोय.

पण आधी थोडं माझ्याविषयी. माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. वेल्डरने दोन खोल वाट्या तोंडाला तोंड लावून जोडल्या, वर गळा बसवला, खाली-वर कड्या चढवल्या आणि पोटात हवा भरून मला हौदात बुडवलं. कुठून बुडबुडा येतोय का, ते तो डोळे बारीक करून बघत होता. आला नाही. "हा पठ्ठ्या ठणठणीत आहे," असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर हातोडीचा दांडा वाजवला. ते माझं पहिलं कौतुक. अजून कानात आहे. मला कान नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तिथून आम्ही वीस भावंडं एका टेम्पोतून ताईकडे आलो.

ताई म्हणजे आमची मालकीण. वीस वर्षं तिने एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या, दुसऱ्यांचे प्रयोग मांडून दिले आणि मग एक दिवस म्हणाली, "पुरे झालं. आता माझा प्रयोग." वडिलांचा साबणाचा कारखाना बंद पडून होता. त्याचे दोन भाग झाले. डावीकडच्या अर्ध्यात ताईने बीअर बनवायला घेतली आणि उजवीकडच्या अर्ध्यात तिच्या मोठ्या भावाने, म्हणजे दादाने, छोटासा बार थाटला. बहिणीने बनवायची, भावाने विकायची. घरचं कार्य आणि घरचेच वाढपी.

ताईची बीअर म्हणजे नाजूक प्रकरण. चांगले जव, मोजून घेतलेलं पाणी, न गाळलेली, किंचित धुरकट. थंडावा आवडतो, धक्के खपत नाहीत, ऊन तर अजिबात सोसत नाही. पहिले दहा दिवस तिचे. नंतर ती रुसते आणि आंबट तोंड करते. ताई तिला वासावरून ओळखायची. झाकण उघडून नाक आत घालायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "आज खूश आहे." मला वाटायचं, हे सगळं माझ्या पोटात सोपवतेय, म्हणजे माझ्यावर केवढा विश्वास!

आता तुम्ही म्हणाल, बनवणारी भिंतीच्या इकडे, विकणारा तिकडे, मग अडचण कसली? अहो, अडचण त्या भिंतीचीच होती.

परवाना द्यायला उत्पादन शुल्क खात्याचे निरीक्षक आले तेव्हा मी कोपऱ्यात उभा होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. साहेब भला माणूस. त्यांनी ताईला नीट समजावून सांगितलं. बनवणारा एक, वाहून नेणारा वितरक दुसरा आणि विकणारा तिसरा. तिघांनी एकमेकांच्या कामात लुडबुड करायची नाही. जो माल तयार होईल तो आधी वितरकाच्या गोदामात जाणार. तिथे गाडीतून खाली उतरणार, पूर्ण एक दिवस जमिनीवर टेकून राहणार, त्याला चिठ्ठी लागणार आणि मगच तो दुकानात पोचणार.

"आणि गोदाम कुठे आहे?" ताईने विचारलं.

"चाळीस किलोमीटरवर."

"साहेब, दादा तर इथे भिंतीपलीकडे आहे. भिंतीत एखादं दार ठेवलं तर?"

"दार?" साहेबांचं पेन थांबलं. "ताई, दार काय, खिडकीसुद्धा चालणार नाही. सलग भिंत. आणि कामाच्या वेळात तुम्ही विक्रीच्या जागेत पाऊल ठेवायचं नाही."

"भावाच्या बारमध्ये?"

"तिथे तो भाऊ नाही, विक्रेता आहे."

"अहो, पण माल एक दिवस जमिनीवर टेकून करणार काय?"

साहेबांनी फाइलमध्ये पाहिलं. "विश्रांती," ते म्हणाले.

त्यांना तरी काय बोल लावायचा? नियम जुना होता आणि बड्या कंपन्यांसाठी केलेला होता. त्यांनी गावोगावची दुकानं आपल्या खिशात घालू नयेत, माल कुठून कुठे गेला ते कळावं, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण हत्तीसाठी विणलेल्या जाळ्यात आमची चिमणी सापडली त्याचं काय!

झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा आमचा संसार सुरू झाला. सोमवारी ताई मला भरायची. मंगळवारी वितरकाची गाडी यायची. बुधवारी मी गोदामात विश्रांती घ्यायचो. गुरुवारी गाडी मला परत त्याच रस्त्याने, त्याच वळणांवरून आणून दादाच्या दारात उतरवायची. जिथून निघालो तिथून बारा पावलांवर.

गाडीच्या ड्रायव्हरला सगळे गोगलगाय म्हणायचे. गाडी हळू चालवायचा म्हणून नव्हे. गाडी तो सुसाट पळवायचा, खड्डा दिसला की आनंदाने त्यातूनच न्यायचा. पण चहाची टपरी दिसली की संपलं. तासन् तास गाडी उन्हात आणि हा सावलीत. बाकी माणूस लाख मोलाचा. ताईने एकदा त्याच्या बायकोच्या आजारपणात दवाखान्यापर्यंत सोबत केली होती. तेव्हापासून तो ताईला बहीणच मानायचा. फक्त बहिणीच्या पिंपाला भाचा मानायचं त्याला सुचलं नाही.

गोदामात आमची गाठ पडायची काकांशी. काका म्हणजे गोदामाचे राखणदार. तीस वर्षांची नोकरी, सुंदर अक्षर आणि कायम दुखणारी कंबर. आम्ही उतरलो की ते गळ्यात चिठ्ठी बांधायचे: "विश्रांती सुरू." दुसऱ्या दिवशी ती काढून दुसरी: "विश्रांती झाली." कसली विश्रांती नि कसलं काय! गोदामात एकच थंड कोपरा होता आणि तो मोठ्या कंपन्यांच्या खोक्यांसाठी राखीव. आम्हाला पत्र्याच्या भिंतीला लावून ठेवायचे. दुपारी तो पत्रा असा तापायचा की माझ्या पोटातली बीअर ढवळून निघायची. मी जिवाच्या आकांताने गळा घट्ट आवळून धरायचो. पण ऊन आत यायला दार थोडंच लागतं?

गुरुवारी संध्याकाळी दादा नळ लावायचा. पहिला ग्लास कायम घड्याळवाल्या आजोबांचा. समोरच्या गल्लीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते पहिला घोट घ्यायचे, जीभ टाळ्याला लावायचे आणि म्हणायचे, "किंचित आंबूस आहे. पण स्वभावाला चांगली आहे." अकरा वर्षं हेच वाक्य.

शुक्रवारी सकाळी दादा आम्हा रिकाम्यांना हातगाडीवर लादून, कोपऱ्याला वळसा घालून ताईकडे यायचा.

"दादा, कशी झाली होती?"

"संपली की."

"संपली ते कळलं. कशी होती? पिताना तोंडं कशी होती लोकांची?"

"तोंडासारखी तोंडं. तू पण ना!"

बिचारा दादा. त्याला खोटं बोलता यायचं नाही आणि खरं सांगवायचं नाही. ताई मग माझ्या तळाशी उरलेला घोटभर काढून चाखायची. चेहरा पडायचा. "ही मी केलेली नाही," असं पुटपुटत ती मला धुवायला घ्यायची. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिने चांगली दिली होती हो! माझ्याच पोटात बिघडली होती.

तरी गाडं चाललं होतं. आणि मग अकराव्या वर्षी वितरकाचं पत्र आलं. पुढच्या वर्षापासून आठवड्याला शंभर पिंपांपेक्षा कमी माल असेल तर आम्ही उचलणार नाही. ताई करायची वीस.

पत्र वाचून ताई माझ्या शेजारच्या खोक्यावर बसली. दादा समोर उभा.

"दुसरा वितरक बघू," दादा म्हणाला.

"कोण आहे दुसरा? या भागात एकच आहे."

"मग?"

"मग काय! गाडी नाही म्हणजे गोदाम नाही, गोदाम नाही म्हणजे चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही तर तू माझी बीअर विकू शकत नाहीस. वर्ष संपलं की कुलूप." ती भिंतीकडे बघत होती. "आणि तू इथे, बारा पावलांवर."

दादाने भिंतीवर एक गुद्दा मारला. भिंतीला काही झालं नाही. दादाचा हात मात्र आठवडाभर सुजला होता.

पण ताई हातपाय गाळणारी नव्हती. खात्यात नियम बदलायचा विचार चाललाय, छोट्यांसाठी वेगळी वाट काढायची चर्चा आहे, असं तिने ऐकलं. बसली आणि चार पानी अर्ज लिहिला. थेट भिंतीपलीकडे विकू द्या, आसपासच्या दुकानांना स्वतः माल पोचवू द्या, तपासणी हवी तेवढी करा. शेवटी लिहिलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, प्रयोग करून बघा. प्रयोगशाळेतली बाई ती!

प्रयोग असा. एकाच दिवशी, एकाच टाकीतून दोन पिंपं भरायची. एक इथेच ताईच्या थंड खोलीत राहील. दुसरं नेहमीच्या वाटेने गोदामात जाऊन, विश्रांती घेऊन परत येईल. मग खात्याच्या समितीने दोन्हींची चव घ्यायची आणि फरक आपल्या जिभेने ठरवायचा.

खात्याने होकार कळवला. समितीचे कारकून आले, त्यांच्यासमोर दोन पिंपं भरली, त्यांनी सील ठोकलं. थंड खोलीत राहायला निवडलं अठरा नंबरला. गोदामाच्या वाटेला लागायला निवडलं मला.

आता माझी पंचाईत बघा. अकरा वर्षं मी जीव तोडून बीअर सांभाळली होती आणि आज ताईचं भलं व्हायचं तर ती बिघडायला हवी होती. मीच बिघडवायची! ठरवलं, हरकत नाही. आपली लाज गेली तरी चालेल, ताईचं दुकान राहिलं पाहिजे. गोगलगायीच्या खड्ड्यांना आणि काकांच्या पत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा मी मनोमन आमंत्रण दिलं.

गाडी आली. ताईने गोगलगायीला बजावलं, "हे बघा, काही वेगळं करायचं नाही. नेहमीसारखंच न्या."

"काळजी नको ताई," तो म्हणाला आणि डोळा मिचकावला.

त्या डोळा मिचकावण्यानेच घात केला. कोपऱ्यावर वळल्यावर त्याने गाडी थांबवली. मागे चढला आणि चार पोती पाण्यात भिजवून मला गुंडाळायला लागला! "ताई म्हणणारच नेहमीसारखं," तो माझ्याशी बोलत होता. "तिचा स्वभावच तसा. पण साहेब लोक तपासायला येणार, पिंप खराब निघालं तर तिचं लायसन गेलं ना! आपण काय मेलोय?" मी आतून ओरडत होतो, अरे शहाण्या, खराबच निघायला हवंय! पण माझा आवाज बाहेर कुठला येतोय? त्या दिवशी त्याने एकही खड्डा घेतला नाही. एकाही टपरीवर थांबला नाही. टपऱ्यांवरचे लोक उठून बघायला लागले की गाडीत कोण मेलंय का.

गोदामात काका वाट बघत होते. मला उतरवताना गोगलगाय त्यांच्या कानाशी लागला. काकांनी कंबर धरून मान हलवली. "पोरीचा प्रश्न आहे," ते म्हणाले. त्या दुखऱ्या कमरेने त्यांनी मोठ्या कंपनीची आठ खोकी थंड कोपऱ्यातून बाहेर काढली. तिथे मला बसवलं. डावीकडे बर्फाची लादी, उजवीकडे बर्फाची लादी, वर गोणपाट. आणि मग सुंदर अक्षरात चिठ्ठी बांधली: "विश्रांती सुरू."

काय सांगू तुम्हाला, अकरा वर्षांत पहिल्यांदा मला खरोखर विश्रांती मिळाली, आणि ती मला नको होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशातली गत. दोघांच्याही मनात पाप नव्हतं. उलट प्रेमच होतं. म्हणून तर राग तरी कोणावर काढायचा!

गुरुवारी सकाळी मी ताईच्या दारात उतरलो तेव्हा समिती येऊन बसली होती. अध्यक्षबाई साखळीच्या चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन सहकारी. वितरकाचे मालक आक्षेप घ्यायला हजर, साक्षीला म्हणून सोबत काकांना घेऊन. गोगलगाय दारात उभा. दादा बार बंद ठेवून, बाहेरून वळसा घालून आलेला. ताईने हात तीनदा धुतले होते.

सील तपासलं, फोडलं. अठरातून तीन ग्लास, माझ्यातून तीन. अध्यक्षबाई म्हणाल्या, "कामाच्या वेळेत पिण्याची लेखी परवानगी घेऊन आलेय, नोंद करा." मग त्यांनी एक घोट घेतला. थोडं पाणी पिऊन दुसऱ्या ग्लासातला घोट घेतला. परत पहिला. मी श्वास रोखून धरला होता.

"मला काही फरक वाटत नाही," त्या म्हणाल्या.

सहकाऱ्यांनीही माना डोलावल्या. वितरकाचे मालक खुर्चीत सैलावले. "मी तेच म्हणत होतो. आमच्या गोदामात माल अगदी घरच्यासारखा राहतो. नियमात काही चूक नाही."

ताई पुढे आली. दोन्ही ग्लासांतून चाखलं. तिचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणू शकली असती की फरक आहे, तुमच्या जिभेला कळत नाही. कोण पडताळणार होतं? पण ताई तशी नाही.

"दोन्ही सारख्याच आहेत," ती म्हणाली. "कशा काय, ते मला कळत नाही. पण सारख्याच आहेत." आणि मग अगदी हळू, "बहुतेक मीच इतकी वर्षं चुकीचं करत असेन."

हे मला सहन होईना. त्या क्षणी मी फुटलो असतो तरी मला चाललं असतं.

पण माझ्याआधी गोगलगाय फुटला. ताईचा चेहरा त्याला दिसतच नव्हता. त्याला फक्त "सारख्याच" एवढं ऐकू आलं आणि त्याची छाती फुगली. "सारखी असणारच साहेब! ओली पोती गुंडाळली होती ना!"

मालक खुर्चीत ताठ झाले.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "ओली पोती? कशाला?"

"ताईंची इज्जत राहावी म्हणून."

"रोज गुंडाळता?"

"रोज? छे हो! रोज तर आपलं..." एवढ्यात त्याला मालकांचे डोळे दिसले आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

बाई काकांकडे वळल्या. "गोदामात हे पिंप कुठे ठेवलं होतं?"

काकांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी घसा खाकरला. त्या खाकरण्यात काय होतं ते सगळ्यांनाच कळलं. काकांनी मग ताईकडे पाहिलं. ती खाली मान घालून ग्लास पुसत होती, कोरडा झालेला ग्लास परत परत.

"थंड कोपऱ्यात, बाई," काका म्हणाले. "मोठ्यांची आठ खोकी हलवून, दोन लाद्या बर्फ लावून."

"आणि एरवी?"

"एरवी पत्र्याकडेला. अकरा वर्षं पत्र्याकडेलाच. थंड कोपरा मोठ्यांचा असतो. चिठ्ठीवर मी विश्रांती लिहितो, पण उन्हात तळायला ठेवतो, हे मला माहीत आहे. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?" ते ताईकडे वळले. "ताई, तुमचं काही चुकत नव्हतं हो. चुकत आमचं होतं."

ताईने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ती रडत नव्हती, गोगलगायीकडे बघत होती. "मी नेहमीसारखं न्या म्हटलं होतं ना?"

"मला वाटलं तुम्ही आपलं संकोचाने म्हणताय," तो केविलवाणा म्हणाला.

मालक उसळले. "हे बघा बाई, यातून एवढंच दिसतं, की नीट काळजी घेतली तर नियमानेसुद्धा माल चांगला राहतो. हवं तर यापुढे आम्ही बर्फ लावू."

अध्यक्षबाई उठल्या. माझ्यापाशी आल्या आणि माझ्यापासून भिंतीकडे चालायला लागल्या. एक, दोन, तीन. बाराव्या पावलाला भिंत आली. त्यांनी बोटांनी टकटक केली.

पलीकडून लगेच टकटक आली आणि घड्याळवाल्या आजोबांचा आवाज. "दादा, उघडलंस का रे? मागच्या दाराने येऊन बसलोय. किती वेळ झाला!"

सहकाऱ्यांपैकी एकाला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. परत येऊन खुर्चीत बसल्या. "म्हणजे मालक, तुमच्या ड्रायव्हरने पोती भिजवली, या गृहस्थांनी कंबर मोडून आठ खोकी हलवली, दोन लाद्या बर्फ वितळला, गाडी ऐंशी किलोमीटर फिरली, दोन दिवस गेले. सगळ्यांनी जिवापाड काळजी घेतली. आणि एवढं सगळं झाल्यावर ही बीअर कशी झाली? तर निघाली होती तशी." त्यांनी माझ्या गळ्यातली चिठ्ठी वाचली आणि सोडून टेबलावर ठेवली. "चांगल्यात चांगलं काय होऊ शकतं, ते आज कळलं. आता मला आणखी काही चाखायचं नाही."

निर्णय यायला दीड महिना लागला. मालकांनी रागाने गाडी पाठवणंच बंद केलं होतं, त्यामुळे त्या दीड महिन्यात आम्ही वीसही जण रिकामे उभे होतो. ताई रोज येऊन टाक्या पुसायची. दादा रोज वळसा घालून यायचा आणि दोघं चहा प्यायची. विषय सोडून बाकी सगळं बोलायची.

मग पत्र आलं. महिन्याला शंभर पिंपांपर्यंत बनवणाऱ्यांना आपल्या जागेतून थेट विकता येईल. भिंतीत एक दार चालेल. बनवणाऱ्याला विक्रीच्या जागेत वावरता येईल. तीस किलोमीटरच्या आतल्या दुकानांना स्वतः माल देता येईल. अट एकच. प्रत्येक पिंपावर ते भरल्याची तारीख, कुणालाही लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

दादाने पत्र तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा मोठ्याने. ताई म्हणाली, "हातोडा कुठे आहे?"

हातोडा काकांनी आणला. मालकांनी त्यांना सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं होतं. मला याचं फार वाईट वाटायचं. माझ्या पोटातल्या चार घोटांपायी तीस वर्षांची नोकरी गेली. काका मात्र म्हणाले, "मला आता चिठ्ठी लागली, विश्रांती सुरू." पहिला घाव त्यांनी घातला आणि लगेच कंबर धरून खाली बसले. पुढची भिंत गोगलगायीने पाडली. तो अजून मालकांकडेच आहे. सुटीच्या दिवशी येतो आणि प्रत्येक वेळी विचारतो, पोती भिजवू का? ताई त्याला हाकलते आणि मग चहा देते. पिंपांवरच्या तारखा काका घालतात. आमच्या पोटावर एवढं सुंदर अक्षर याआधी कधी पडलं नव्हतं.

दार झालं. पहिलं पिंप कोणतं न्यायचं यावर दादा काही बोलायच्या आत ताईने मला तिरकं केलं आणि कडीवर गोल फिरवत निघाली. बारा पावलं! धक्का नाही, खड्डा नाही, टपरी नाही. उंबऱ्याशी ती क्षणभर थांबली. अकरा वर्षांत कामाच्या वेळात तिने तिकडे पाऊल ठेवलं नव्हतं. मग तिने मला अलगद पलीकडे उतरवलं.

दादाने नळ लावला. पहिला ग्लास घड्याळवाल्या आजोबांचा. ताई काउंटरच्या कडेला उभी राहिली, हातात फडकं, डोळे त्यांच्या तोंडावर. आजोबांनी घोट घेतला. जीभ टाळ्याला लावली. कपाळाला आठी पडली.

"ही नाही," ते म्हणाले. "ही आपली नाही. नेहमीची दे."

ताईचा हात फडक्यावर आवळला. दादा काही बोलणार, तर तिने त्याचं मनगट धरलं.

आजोबांनी आठी तशीच ठेवून दुसरा घोट घेतला. मग तिसरा. मग ग्लास उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. एखादं घड्याळ उघडून बघावं तसे. आणि मग त्यांनी ग्लास खाली ठेवला. कधी नव्हे तो त्यांचा चेहरा अगदी पोरका झाला.

"दादा," ते म्हणाले, "मग इतकी वर्षं आम्ही काय पीत होतो रे?"

ताई हसली. हसता हसता तिला रडू फुटलं आणि तिने फडक्यात तोंड लपवलं. आजोबांना काही कळेना. "अहो, मी काही वाईट बोललो नाही," ते घाईघाईने म्हणाले. "आणखी एक द्या म्हणतोय."

आता मीही जुना झालोय. एका कडीला पोचा आहे, गळ्याचा वायसर दोनदा बदललाय. रस्ते बघून झाले, गोदाम बघून झालं. आता उरलं आहे ते या बारा पावलांचं येणं-जाणं, आणि खरं सांगतो, मला त्याचा कंटाळा नाही. कधी दूर कुठे एखाद्या तापलेल्या पत्र्याकडेला माझ्यासारखं कुणी तळत असेल, हे आठवलं की मात्र जीव कासावीस होतो. तुमच्यापैकी कुणाच्या हातात असे नियम लिहायचं काम असेल, तर लिहिण्याआधी एकदा ती पावलं स्वतः चालून बघा, एवढंच मागणं.

आणि तुम्ही कधी इकडे आलात, तर घाई करू नका. पहिला घोट घ्याल तेव्हा काउंटरच्या कडेला फडकं घेऊन एक बाई उभी असेल. ती काही विचारणार नाही. फक्त तुमच्या तोंडाकडे बघेल. बघू द्या तिला.